आठवडी बाजाराची पिशवी आणि घरचे सकस अन्न

चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ सालच्या ऑगस्टपर्यंत एकच जिल्हा होते. आज ते दोन आहेत. परंतु जंगल, धान आणि आठवडी बाजार या तीन गोष्टींनी दोहोंचे जीवन अद्याप एकाच धाग्यात ओवलेले आहे. येथील शेतकरी व शेतमजूर कुटुंबाचा हिशोब महिन्याचा नसून आठवड्याचा असतो. मजुरीचे, धानाचे अथवा वनोपजाचे जे काही पैसे हाती येतात ते बाजाराच्या दिवशी पिशवीत उतरतात आणि त्या पिशवीवरच पुढील सात दिवस चूल पेटते. त्या पिशवीत काय असावे, किती असावे आणि काय विकत न घेता घरच्या घरी अथवा रानातून मिळू शकते, याचा विचार गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने करणे अगत्याचे आहे. सकस आहार हा केवळ पैसेवाल्यांचा विषय आहे, अशी जी समजूत सर्वत्र आढळते, तीच मुळी चुकीची आहे.

भाताने पोट भरते, पण भागत नाही

या भागातील जेवणाचा कणा भात होय. आपल्या शरीरास इंधन हवे असते आणि ते भातापासून विपुल मिळते. परंतु शरीराची झीज भरून काढणारी व मुलांची वाढ करणारी प्रथिने भातात फारशी नसतात; १०० ग्रॅम तांदळात ती सुमारे ७ ग्रॅमच असतात. शिवाय ती एका बाबतीत उणी असतात. प्रथिने ज्या लहान घटकांची बनलेली असतात, त्यांपैकी एक महत्त्वाचा घटक तांदळात कमी असतो आणि नेमका तोच डाळीत भरपूर असतो; डाळीत जो कमी असतो तो तांदूळ पुरवितो. यास्तव वरण-भात एकत्र खाल्ल्याने दोहोंची किंमत वाढते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने धान्य व डाळ यांचे प्रमाण साधारण तीनास एक असावे, असे सुचविलेले आहे. येथील पुष्कळ घरांतील ताटात भात डोंगराएवढा आणि वरण मात्र पाण्यासारखे पातळ असते. खरी उणीव आहे ती येथे, भाताच्या राशीत नव्हे.

रेशनवर मिळणारे धान्य या हिशोबात प्रथम धरावे. प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास एकूण ३५ किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घरात माणशी ५ किलो म्हणजे रोज सुमारे १६५ ग्रॅम. गरजेच्या साधारण निम्मे धान्य यातून भागते. उरलेले घरच्या धानाचे असते. तेव्हा ज्याच्या घरी थोडेबहुत धान होते, त्यास बाजारातून तांदूळ आणण्याचे कारण सहसा नसते. बाजाराचा पैसा डाळ, तेल व अंडी यांसाठी मोकळा राहतो. ही सोय लहान नाही. मात्र अनेक घरांत ती तशी वापरली जात नाही, असे दिसून येते.

तांदळाविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हे धानाचे वाण सिद्ध केले आणि ते दूरदूरच्या बाजारांत पोहोचले. बारीक, चमकदार तांदळास भाव चांगला मिळतो. तो अवश्य विकावा. परंतु घरी खाण्यास जाड, कमी पॉलिश केलेला अथवा उकडा तांदूळ आणावा लागला तर त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडले म्हणजे कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते व गिरणीत वाया जात नाही. पांढऱ्याशुभ्र तांदळातून ते कोंड्याबरोबर निघून जाते. तांदूळ चार-चार पाण्यांत खळखळून धुणे, अथवा भात वेळून पेज फेकून देणे, म्हणजे राहिलेलेही गमावणे होय. तांदूळ एक-दोनदा धुवावा, मोजके पाणी घालून शिजवावा. पेज निघालीच तर ती मीठ घालून प्यावी किंवा वरणात मिसळावी. दुसरी गोष्ट अशी की, गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे, शंभर दाण्यांस एक या प्रमाणात, मिसळण्यात आले. ते थोडे निराळे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात. म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ असे समजून ते निवडून टाकले गेले. ते तांदळाच्याच पिठाचे असतात. असे दाणे दिसल्यास टाकून देऊ नयेत.

लाखोळीचा प्रश्न

डाळीविषयी बोलताना या भागात लाखोळी वगळून चालणार नाही. धान कापणीपूर्वी ओल्या बांधीत लाखोळी फेकून द्यावी, नांगर नाही, खत नाही, पाणी नाही; आणि तरीही उन्हाळ्याच्या तोंडाशी पीक हाती यावे, असे हे गरिबाचे कडधान्य. प्रथिनांच्या बाबतीत ते इतर डाळींच्या मागे नाही. परंतु त्यात ‘ओडॅप’ नावाचे एक विषारी द्रव्य असते. लाखोळी हेच मुख्य अन्न म्हणून दोन-तीन महिने सतत खाल्ले गेले, तर काही माणसांच्या पायांतील शक्ती कायमची जाते. आयुर्वेदाने या व्याधीस ‘कलायखंज’ असे नाव पूर्वीच दिलेले आहे. दुष्काळात अन्य काही पिकत नाही तेव्हा लाखोळी पिकते. म्हणून हा रोग दुष्काळाचा सोबती ठरला. मध्य भारतातील रेवा भागात सालदारांना मजुरीच लाखोळीच्या रूपाने दिली जात असे आणि तेथे पुष्कळ धडधाकट माणसे काठीवर आली. पुढे १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीस प्रतिबंध केला. महाराष्ट्रात हा निर्बंध नंतरच्या काळात शिथिल झाला.

यावरून लाखोळी म्हणजे विषच, असे समजून घाबरण्याचेही कारण नाही आणि निष्काळजी राहण्याचेही नाही. आठवड्यातून एक-दोन वेळा, भाताबरोबर वरण म्हणून ती खाण्यात सहसा अपाय होत नाही. लाखोळीची भाकर, लाखोळीचे वरण व लाखोळीचीच भाजी, असे दिवसामागून दिवस चालणे मात्र धोक्याचे. शिजविण्यापूर्वी डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवावी व ते पाणी फेकून द्यावे. किंवा पुष्कळ पाण्यात एक उकळी आणून ते पाणी ओतून टाकावे. विषारी द्रव्य पाण्यात विरघळते व त्याचा बराच मोठा भाग निघून जातो. इतर अन्नाचे पाणी टाकू नये, हा नियम येथे उलटा आहे, हे गृहिणींना स्पष्ट करून सांगावे. बी पेरावयाचेच असेल तर ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारख्या कमी ओडॅप असलेल्या वाणांची चौकशी करावी. सिंदेवाहीचे कृषी संशोधन केंद्र आणि दोन्ही जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे अशा बाबतीत विचारपूस करण्याची ठिकाणे होत.

लाखोळीस पर्याय शेताच्या बांधावरच उभा राहू शकतो. धानाच्या बांधीत पाणी असले तरी धुऱ्यावर ते साचत नाही. तेथे तूर चांगली येते. कित्येक शेतकरी ती लावतात, कित्येक धुरे मात्र गवतालाच सोडलेले दिसतात. घरापुरती वर्षाची डाळ धुऱ्यावर पिकविणाऱ्या शेतकऱ्यास बाजारातील तुरीच्या भावाची धास्ती राहत नाही.

पिशवीचा हिशोब

आता पाच माणसांच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. तांदूळ घरचा व रेशनचा आहे आणि बाजारासाठी ५०० रुपये हाती आहेत, असे समजावे. भाव गावोगावी व ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून पुढील आकडे केवळ वाट दाखविण्यापुरते आहेत. डाळ माणशी रोज ४० ग्रॅम धरली तरी आठवड्यास जवळजवळ दीड किलो लागते. यापैकी एक किलो हरभरा ८० रुपयांस व अर्धा किलो तूरडाळ ७० रुपयांस मिळाली, तर १५० रुपये झाले. पाऊण किलो तेलास ११०, दहा अंड्यांस ७०, सुकी मासळी ५०, कांदे-बटाटे व एखादी भाजी ६०, आणि मीठ, हळद, मिरची, गूळ यांस मिळून ६०. बेरीज बरोबर ५०० होते.

हरभरा तुरीपेक्षा जास्त का घ्यावा, असा प्रश्न बाजारात हमखास निघतो. दोहोंतील प्रथिने जवळजवळ सारखी आहेत. पण वरील भावाने १०० रुपयांत तूरडाळ सातशे ग्रॅमच्या आसपास येते, तर हरभरा सव्वा किलो. सवयीने तूर ही ‘खरी’ डाळ मानली जाते, एवढेच. हरभरा, मसूर, वटाणा, मूग, बरबटी यांत जे ज्या आठवड्यात स्वस्त असेल ते घ्यावे व तूर चवीपुरती ठेवावी. मूग, मटकी अथवा हरभरा भिजवून मोड आणल्यास त्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि पचनही सुलभ होते. त्यासाठी ओल्या फडक्यावाचून दुसरा खर्च नाही.

चंद्रपूरकडील वरोरा, चिमूर या भागांत सोयाबीन पिकते. ते बहुधा सगळे विकले जाते. थोडे घरी ठेवून, भाजून, गव्हाच्या किंवा ज्वारीच्या पिठात दहास एक या प्रमाणात दळून आणल्यास भाकरीची किंमत पुष्कळ वाढते. सोयाबीन कच्चे मात्र कधीही खाऊ नये.

याच पिशवीत दुसऱ्या बाजूने काय शिरते तेही पाहिले पाहिजे. येथे एक कटू गोष्ट बोलावी लागते, ती खऱ्र्याची. तंबाखू व सुपारी घोटून केलेला खर्रा या दोन जिल्ह्यांत पुरुष, स्त्रिया आणि दुर्दैवाने शाळकरी मुलेही खातात. एका खऱ्र्यास २० रुपये पडतात व घरातील एकच माणूस दिवसाला दोन खातो, असे धरले तरी आठवड्याचे २८० रुपये होतात. वरच्या हिशोबातील डाळ, अंडी व मासळी मिळून २७० रुपयांत बसतात. म्हणजे ज्या घरी डाळीस पैसा नाही असे सांगितले जाते, त्या घरी तो पैसा येऊन खऱ्र्याच्या पुडीत निघून गेलेला असतो. तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट तर निराळीच. गडचिरोलीत २०१६ पासून दारू व तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ हे अभियान चालले, त्यामागे आरोग्याइतकाच हा घरखर्चाचा विचारही होता. मुलांसाठी घेतलेल्या बिस्किटांच्या पुड्यांचेही तसेच. दहा रुपयांच्या पुड्यात मुख्यत्वे मैदा, साखर व तेल; त्याच पैशात एक उकडलेले अंडे व मूठभर फुटाणे येतात.

कोंबड्यांविषयी एक विसंगती जागोजाग दिसते. बाई बाजारात गावरान अंडी व कोंबडी विकते आणि त्या पैशाचे चहा-साखर व बिस्किटे घेऊन परतते. विकण्यास हरकत नाही, पण दर दहा अंड्यांतील तीन-चार घरातील लहान मुलांसाठी व गरोदर स्त्रीसाठी बाजूस ठेवावीत. एका अंड्यात सहा ग्रॅमांहून अधिक उत्तम प्रतीची प्रथिने असतात.

रान, बोडी आणि सांदवाडी

बाजारात भाजी महाग झाली म्हणून भाजीवाचून राहण्याचा प्रसंग शहरात येईल. या भागात तो येऊ नये. पहिला पाऊस पडताच तरोट्याची कोवळी पाने, मागाहून पातूर, चिवळ, केना, कुड्याची फुले, काटवल, बांबूचे वास्ते आणि सात्या, असा क्रम लागतो. हिरव्या पालेभाज्यांत लोह, चुना व अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य असते. जाणत्या वडीलधाऱ्या स्त्रियांस या भाज्यांची जी ओळख आहे ती कोणत्याही पुस्तकाहून मोठी आहे. गडचिरोलीतील स्त्रियांकडून झाडांविषयी ऐकलेले ज्ञान डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात नोंदविले. नव्या सुना व शाळेत जाणाऱ्या मुली मात्र कोबी व बटाट्याकडे वळत आहेत, आणि रानभाजी ही गरिबीची खूण समजली जाऊ लागली आहे. अंगणवाडीत व ग्रामसभेत या भाज्या मांडून हा गैरसमज घालविता येईल.

काही सावधगिरी पाळलीच पाहिजे. वास्ते चिरून, पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे, कारण कच्च्या वास्त्यांत विषारी अंश असतो. सात्या ओळखणाऱ्यानेच आणाव्यात; संशय आला तर एकही अळिंबी खाऊ नये. रानातील कडू कंद नीट उकळून व धुऊन घेतल्यावाचून वापरू नयेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क ग्रामस्थांना दिलेला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्याची वार्ता देशभर पोहोचली. हा हक्क बांबू व तेंदूपत्त्यापुरताच मोजला जातो. वस्तुतः चारोळी, टेंभुर्णीची फळे, आवळा, चिंच, जांभूळ हेही त्याच हक्कात येतात आणि ते आधी घरच्या मुलांच्या पोटात जावेत. चारोळी गोळा करून सर्वच्या सर्व व्यापाऱ्यास देणाऱ्या घरातील मुलास तिची चवही माहीत नसावी, ही गोष्ट बरी नव्हे. मोहफुलांत साखर पुष्कळ असते, प्रथिने अल्प. भाजलेल्या फुलांत तीळ, जवस अथवा शेंगदाणे कुटून लाडू केले म्हणजे ती उणीव भरून निघते. कामावर जाणाऱ्या बाईस व शाळकरी मुलास हा खाऊ फार चांगला.

गावच्या माजी मालगुजारी तलावांत व शेतातील बोड्यांत लहान मासळी मिळते. मोठ्या माशास मान असतो, पण काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी व सुके झिंगे चुन्याच्या दृष्टीने अधिक उपयोगी पडतात. या भागातील गावरान गाई दूध थोडे देतात. म्हणून हाडांस लागणारा चुना मासळी, तीळ आणि शेवग्याचा पाला यांतून मिळवावा लागतो.

शेवगा, ज्यास येथे मुंगणाही म्हणतात, त्याची एक फांदी सांदवाडीत रोवली की वर्षाच्या आत पाला मिळू लागतो. शेंगा सर्वांस आवडतात; पाला टाकून दिला जातो. वास्तविक पाल्यातच लोह व चुना अधिक असतो. सावलीत वाळवून त्याची पूड डब्यात ठेवल्यास उन्हाळ्यात रोजच्या वरणात एक चमचा टाकता येते. न्हाणीच्या वाहत्या पाण्यावर धोपा, कुंपणावर पोपट व कोहळे, मध्ये अंबाडी, माठ व दोन-चार मिरचीची रोपे, एवढी सांदवाडी पाचजणांच्या घरास पुरते.

ताटात कोणास किती

अन्न घरात असणे आणि ते ज्यास हवे त्याच्या ताटात पडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात वाकलेली असते, आणि रात्री सर्वांच्या मागून, उरलेल्या भातावर मीठ-मिरची घेऊन जेवते. अंगात रक्त कमी असण्याची तक्रार स्त्रियांत एवढी का, याचे उत्तर पुष्कळ अंशी या एका ओळीत आहे. वरण व भाजी जेवणाच्या आरंभीच सर्वांची वाढून ठेवावी, बाईचीही. भाजीतील लोह अंगी लागण्यासाठी जेवणात चिंच, आवळा अथवा लिंबू असावा; जेवणासोबत अथवा लगेच मागाहून चहा घेऊ नये, कारण त्याने लोह शोषले जात नाही.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. त्यांचे रक्त कमी दिसले तरी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. जेवणातील भाजीपाल्यास मात्र बंदी नाही.

गरोदर व स्तनदा मातांसाठी आदिवासी भागात २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने व बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण, अशी तिची रचना. हे जेवण घरच्या जेवणाऐवजी नव्हे, त्याशिवाय आहे; सासूबाईंना हे समजावून सांगण्याचे काम अंगणवाडी सेविकेबरोबरच गावच्या प्रत्येक कार्यकर्त्याचे आहे. सहा महिन्यांनंतर बाळास केवळ पातळ पेज अथवा आंबील देऊ नये. त्याचे पोट वाटीएवढे. ते पाण्यानेच भरते. वरण-भात घट्ट कुसकरून, त्यात चमचाभर तेल व शिजवलेली पालेभाजी घालून दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे द्यावे.

पावसापूर्वीची बेगमी

आठवड्याचा हिशोब वर्षातून एकदा मोडावा लागतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे काम होते व त्याचा पैसा घरात येतो. वर्षात एकरकमी पैसा येण्याची ही थोड्या प्रसंगांपैकी एक वेळ. त्यानंतर लवकरच पाऊस लागतो. पर्लकोटेस पूर आला म्हणजे भामरागडकडील गावांचा संपर्क तुटतो, आणि इतरत्रही नाल्यापलीकडील पाड्यांस बाजार गाठता येत नाही. याच दिवसांत जुने धान संपत आलेले असते व काम सर्वांत कष्टाचे असते. यास्तव तेंदूपत्त्याच्या पैशातून प्रथम चार महिन्यांची डाळ घ्यावी. आठवड्यास दीड किलोप्रमाणे ती साधारण २५ किलो होते. त्याबरोबर आयोडीनयुक्त मीठ, तेल व सुकी मासळी घ्यावी.

डाळ दोन दिवस कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी व मध्ये मध्ये सुकलेला कडुनिंबाचा पाला घालावा. गरम असताना भरल्यास आत घाम सुटून बुरशी येते. बुरशी आलेले शेंगदाणे वा धान्य धुऊनही वापरू नये, जनावरांसही घालू नये. डबे जमिनीवर न ठेवता विटांवर अथवा लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावेत, आणि पोळ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, ऊन पडेल त्या दिवशी, उघडून पाहावेत.